परळची यात्रा

अंत्रुज महालातील कोणत्याही मोठ्या देवस्थानाच्या प्राकारात पाऊल टाकले, म्हणजे देवालय, दीपस्तंभ आणि तळी यांच्या जोडीला आणखी एक वास्तू हटकून दृष्टीस पडते. ती म्हणजे अग्रशाळा. शिल्पाच्या दृष्टीने तिच्यात पाहण्यासारखे फारसे नसते. रांगेने खोल्या, पुढे ओसरी, मागे विहीर आणि स्वयंपाकाची सोय, एवढाच तिचा थाट. देवालयावर लिहिणारे तिच्याकडे सहसा वळत नाहीत. परंतु आपल्या समाजाचा इतिहास जाणून घेऊ इच्छिणाऱ्याने तिच्या ओसरीवर घटकाभर बसावे, असे आम्हांस वाटते.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालील तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी येथील देवालयांवर घाला पडला. तेव्हा कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, आणि अशीच इतर दैवते खाडी ओलांडून सुरक्षित मुलखात नेण्यात आली. देव एका गावी आणि कुळावी दुसऱ्या गावी, अशी ताटातूट झाली. पुढे पोटापाण्यासाठी ही कुटुंबे कारवार, मंगळूर, बेळगाव, मुंबई अशी दूरदूर पसरली. दर्शनासाठी दोन-तीन दिवसांची वाट तुडवून येणाऱ्या ह्या माणसांनी रात्री कोठे निजावे? त्या प्रश्नाचे उत्तर अग्रशाळेने दिले. दूरवरून आलेल्या माणसाला पाठ टेकावयास जागा, चूल मांडावयास कोपरा आणि विचारपूस करणारे कोणी तरी मिळाल्यावाचून त्याची यात्रा पुरी होत नाही, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते. देशावर जी धर्मशाळा, तीच आपल्याकडे अग्रशाळा.

गेल्या ऐंशी-पंचाऐंशी वर्षांत ह्याच मुलखातून एक निराळीच यात्रा सुरू झाली. ती हौसेची नव्हे, नवसाचीही नव्हे. तिचे ठिकाण मुंबईतील परळ, आणि तिचे यात्रेकरू म्हणजे कर्करोगाने पीडित झालेली माणसे व त्यांचे आप्तजन. ह्या यात्रेकरूंना आसरा कसा मिळत गेला, कोणी दिला, आणि अजून काय उणे आहे, याचा थोडासा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

हा रोग आपल्याकडे नवा आहे, परदेशी राहणीबरोबर तो आला, असा एक समज आढळतो. तो खरा नाही. सुश्रुतसंहितेत अर्बुद नावाच्या रोगाचे वर्णन आहे. शस्त्राने ते कापून काढावे, अग्निकर्म करावे, आणि त्याचा काही अंश मागे राहिला तर ते पुन्हा वाढते, इतके स्पष्ट निरीक्षण त्या ग्रंथात केलेले आहे. अर्बुद म्हणजे आजच्या व्याख्येतील कर्करोगच, असे सरसकट म्हणता येणार नाही. परंतु शरीरातील वाढत्या गाठीकडे वैद्याच्या दृष्टीने पाहण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे, एवढे निश्चित. हा मुद्दा आम्ही मुद्दाम नोंदवितो, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे.

अर्वाचीन उपचारांची कथा एका पतीच्या दुःखापासून सुरू होते. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वेल्समधील एका शुश्रूषागृहात निवर्तल्या. ज्या उपचारांसाठी धनवंतासही सातासमुद्रांपलीकडे जावे लागते, ते ह्या देशातील सामान्य माणसास मिळावेत, ही इच्छा त्या मृत्यूतून जन्मास आली. दोराबजी स्वतः १९३२ साली वारले. परंतु त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीने हे कार्य पुढे चालविले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा स्मारक रुग्णालयाचे उद्घाटन मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांच्या हस्ते झाले. आरंभी तेथे ८० खाटा होत्या. १९५७ साली रुग्णालय केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे आले आणि १९६२ साली अणुशक्ती खात्याकडे सोपविण्यात आले.

गोमंतकीयांस अभिमान वाटावा असे एक नाव ह्या इतिहासात आहे. डॉ. अर्नेस्ट बोर्जिस हे गोमंतकीय शल्यविशारद ह्या रुग्णालयाचे आधारस्तंभ होते. १९६९ साली त्यांचे निधन झाले. आज रुग्णालयासमोरून जाणारा रस्ता त्यांच्याच नावाने ओळखला जातो. उपचारांसाठी परळास पोहोचणारा आपला माणूस तेथील पत्ता विचारतो, तेव्हा नकळत आपल्याच भूमीतील एका सेवाव्रतीचे नाव उच्चारतो.

तेथवर पोहोचणे मात्र सोपे नव्हते. गोव्याहून मुंबईस आगबोटीने जावे, नाही तर कॅसलरॉक-लोंढ्यावरून आगगाडीने बेळगाव, पुणे असा वळसा घ्यावा. १९५५ नंतर सरहद्दीवर निर्बंध आले आणि तो मार्गही दुष्कर झाला. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावर वाट मोकळी झाली. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर ती जवळचीही झाली. परंतु वाट जवळची झाली म्हणून मुक्काम थोडा झाला नाही, आणि खरी अडचण त्या मुक्कामाचीच होती.

ही अडचण नीट समजून घेतली पाहिजे. मोडलेले हाड बसविले, आंत्रपुच्छ काढले, की रोगी चार-आठ दिवसांत घरी जातो. कर्करोगाचे तसे नाही. आधी गाठीचा तुकडा काढून तपासावयाचा, त्याच्या निकालाची वाट पाहावयाची, मग उपचारांची दिशा ठरावयाची. किरणोपचार सांगितले, तर बहुधा आठवड्यातून पाच दिवस, असे पाच ते सात आठवडे जावे लागते. तेथील काम काही मिनिटांचे. उरलेला दिवस आणि सारी रात्र रोगी रुग्णालयाबाहेर. औषधोपचार सुरू झाले, तर ते ठरावीक दिवसांच्या अंतराने महिनोन्‌महिने चालतात, आणि मधल्या दिवसांत ताप आला तर तातडीने परत यावे लागते. म्हणजे बहुसंख्य रोग्यांस रुग्णालयातील खाट नको असते. त्यांस रुग्णालयाजवळचे बिऱ्हाड हवे असते. मुंबईसारख्या शहरात सामान्य माणसाने ते कोठून आणावे?

म्हणून परळच्या पदपथांवर एक देखावा वर्षानुवर्षे दिसत आला आहे. रुग्णालयाच्या भिंतीलगत अंथरलेली सतरंजी, उशाशी क्ष-किरणाच्या चित्रांची पिशवी, डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद, आणि त्याखाली निजलेला रोगी. बिहार-बंगालपासून विदर्भ-कोकणापर्यंत सर्व प्रांतांची माणसे त्या रांगेत सापडतात. गावाकडे जमीन गहाण पडलेली, कमावत्या माणसाची मजुरी बुडालेली, मुले शेजाऱ्यांच्या हवाली केलेली. औषधांचा खर्च एखाद्या निधीतून भागला, तरी रोजचे दोन वेळचे जेवण आणि रात्रीचा निवारा कोणत्याही चिठ्ठीवर लिहिलेला नसतो. तीन आठवडे असे काढल्यावर किती तरी कुटुंबे कंटाळून नव्हे, तर हतबल होऊन, उपचार अर्धवट टाकून गावाकडे परततात. हा रोग अर्धवट उपचारांस क्षमा करीत नाही. निवारा हा उपचारांचाच भाग आहे, तो नसेल तर उत्तम शल्यक्रियाही वाया जाते, ही गोष्ट आपल्या देशास ह्या पदपथाने शिकविली.

आणि येथेच जुन्या धर्मशाळेचा धागा पुन्हा हाती येतो. अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे १८७६ साली जन्मलेल्या डेबूजी झिंगराजी जानोरकरांनी, म्हणजेच गाडगे महाराजांनी, १९०५ साली घर सोडले. हाती खराटा आणि खापराचे गाडगे एवढीच त्यांची संपत्ती. नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू येथे त्यांनी गोरगरीब यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेस देऊन टाकली. स्वतः मात्र ते कोणत्याही धर्मशाळेचे मालक झाले नाहीत. भुकेल्यास अन्न, निराश्रितास आसरा आणि रोग्यास औषध देणे हीच देवाची पूजा, असे ते कीर्तनातून सांगत. १९५६ साली त्यांनी देह ठेवला. त्यांच्या नावाने चालणारी दादर येथील धर्मशाळा परळपासून फार दूर नाही, आणि तिच्या खोल्यांत परळच्या रुग्णालयात उपचार घेणारे कर्करुग्ण व त्यांचे आप्त उतरतात. पंढरीच्या वारकऱ्यासाठी निघालेली कल्पना अशा रीतीने परळच्या यात्रेकरूपर्यंत येऊन पोहोचली.

इतर संस्थाही ह्याच काळात उभ्या राहिल्या. १९५१ साली डॉ. जस्सावाला आणि नवल टाटा यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन झाली. रोगाचे नावही उघड उच्चारले जात नव्हते, अशा काळात लोकशिक्षण आणि रुग्णसाहाय्य ही दोन्ही कामे तिने अंगावर घेतली. १९६३ साली मुंबईत कर्करुग्णांची पद्धतशीर नोंदणी सुरू करण्याचे श्रेयही तिचेच. १९६८ साली स्थापन झालेल्या नाना पालकर स्मृती समितीने परळ येथे रुग्णसेवा सदन चालविले; बाहेरगावच्या रोग्यांस आणि त्यांच्या सोबत्यांस तेथे अल्प मोबदल्यात राहावयास मिळते. १९६९ साली कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्था निघाली. जीवनज्योत नावाचा विश्वस्त निधी कित्येक वर्षे रुग्णालयाबाहेरील रोगी आणि आप्तांस जेवण पुरवीत आला आहे. कर्करोग झालेल्या बालकांसाठी आणि त्यांच्या मातापित्यांसाठी २००६ साली सेंट ज्यूड ह्या संस्थेने मुंबईत निवासाचे काम आरंभिले. पारशी, ख्रिस्ती, गुजराती, मराठी अशा सर्व समाजांचे हात ह्या कामास लागले आहेत.

आतापर्यंत आम्ही छपराविषयी आणि अन्नाविषयी लिहिले. मनाचे काय? ह्या रोगाच्या वेदनेइतकीच त्याच्याभोवतीची मुकी भीती माणसास पोखरते. घरात 'तो आजार' किंवा 'मोठे दुखणे' एवढेच शब्द उच्चारले जात. रोग्यास कळू नये म्हणून नातेवाईक वैद्यांस खुणावीत, आणि नातेवाइकांस दुःख होऊ नये म्हणून रोगी काही ठाऊक नसल्याचे सोंग करी. एकाच छपराखाली दोघेही एकाकी. कोठे रोग्याचे ताट-तांब्या वेगळा ठेवीत. हा रोग स्पर्शाने किंवा एकत्र जेवल्याने पसरत नाही, हे शास्त्राने केव्हाच सिद्ध केलेले असले तरी तो समज समूळ गेलेला नाही.

ह्या मौनावरचा उतारा वैद्यकाच्या पुस्तकात नव्हता. तो रोगातून उठलेल्या माणसांपाशी होता. मुंबईत १९९४ साली वंदना गुप्ता यांनी व्ही केअर ही संस्था स्थापिली. त्या स्वतः ह्या रोगातून बऱ्या झालेल्या होत्या. रोगातून उठलेले स्वयंसेवक नव्या रोग्याशेजारी बसतात, आपली कहाणी सांगतात, त्याची ऐकतात. केस गळालेल्या स्त्रीस 'माझेही गळले होते, पुन्हा आले' असे सांगणारी दुसरी स्त्री समोर दिसली, की जे धैर्य येते ते उपदेशाने येत नाही. आपल्या वारीत अनुभवी वारकरी नवख्याचा हात धरून चालवितो, त्यातलाच हा प्रकार.

सोबत्याचा विचार तर आणखी उशिरा झाला. रोग्याची सर्वजण चौकशी करतात. त्याच्याजवळ रात्रंदिवस बसणाऱ्या पत्नीस, मुलास किंवा बहिणीस 'तू जेवलीस का, तू निजलास का' असे विचारणारा क्वचितच भेटतो. ओळीने उभे राहावयाचे, कागद सांभाळावयाचे, पैशांची जुळवाजुळव करावयाची, रोग्यासमोर हसतमुख राहावयाचे आणि जिन्यात जाऊन रडावयाचे, हा त्याचा दिनक्रम. तोच कोसळला तर रोग्याचा आधार तुटतो. म्हणून कुटुंबातील दुसऱ्या कोणी आठवड्यातून दोन दिवस जरी त्याची पाळी घेतली, तरी ती मोठी रुग्णसेवा होय.

काही रोगी बरे होत नाहीत. त्यांच्याविषयी बोलण्याचे टाळणे हा खरा आधार नव्हे. इंग्लंडमध्ये सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडन येथे सेंट ख्रिस्तोफर ही संस्था काढून असाध्य रोग्यांच्या वेदनाशमनास शास्त्राचा दर्जा मिळवून दिला. अशा संस्थेस 'हॉस्पिस' म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ यात्रेकरूंचे विश्रामस्थान, म्हणजे आपली धर्मशाळाच! मडगावच्या हॉस्पिसियोमुळे हा शब्द गोमंतकीयांच्या कानांस परका नाही. भारतातील असे पहिले स्थान, शांती आवेदना सदन, डॉ. लुईस जुझे डिसोझा यांनी १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे उभारले, आणि पुढे त्याची शाखा गोव्यात लोटली येथे निघाली. धर्म वा जात न विचारता तेथे शेवटच्या टप्प्यातील कर्करुग्णांची शुश्रूषा होते.

वेदनाशमनाच्या मार्गात एक कायदाही आडवा आला होता. १९८५ च्या मादक द्रव्यविरोधी कायद्याच्या कडक अटींमुळे मॉर्फीनसारखे आवश्यक औषध रुग्णालयांस मिळणे दुष्कर झाले आणि सहस्रावधी रोगी टाळता येण्याजोग्या वेदनेत तळमळत राहिले. केरळात कोळिकोड येथे १९९३ साली सुरू झालेल्या वेदनाशमनाच्या चळवळीने ह्या अन्यायाकडे लक्ष वेधले. गावोगावचे साधे नागरिक शिकून तयार झाले आणि रोग्यांच्या घरी जाऊ लागले. अखेरीस २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन अटी सैल झाल्या. वेदना हे प्रारब्ध नव्हे, तिच्यावर इलाज आहे, आणि तो मागणे हा रोग्याचा अधिकार आहे, हे आता प्रत्येक कुटुंबाने जाणले पाहिजे.

ह्या इतिहासातून आजच्या वाचकाने काय घ्यावे? घरात हे संकट आले, तर रुग्णालयात गेल्यावर प्रथम तेथील वैद्यकीय समाजसेवा विभाग गाठावा. निवासाच्या जागा, औषधांसाठी साहाय्य, शासकीय योजना यांची माहिती तेथे मिळते. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे; घरातून निघण्यापूर्वीच त्यांची कागदपत्रे जुळवावीत. उपचारांसाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णास रेल्वेत शयनयान आणि वातानुकूलित तृतीय श्रेणीचे भाडे पूर्ण माफ असून सोबत्यास तीन चतुर्थांश सूट मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो. आणि प्रत्येकाने परळासच गेले पाहिजे, असेही आता राहिलेले नाही. हैदराबादेत १९५५ पासून मेहदी नवाज जंग यांच्या नावाची संस्था आहे. सोलापूर जिल्ह्यात बार्शीसारख्या गावीही कर्करोगाचे रुग्णालय उभे आहे. जवळच्या ठिकाणी तोच उपचार होतो काय, हे परळच्या तज्ज्ञांसच विचारावे. घराजवळचा उपचार पुरा होण्याची शक्यता अधिक असते.

आता आपल्या देवस्थानांविषयी. संकटात दैवताचा कौल घेण्याची आपली रीत आहे, आणि श्रद्धेने मन स्थिर होत असेल तर तिला नावे ठेवण्याचे आम्हांस कारण नाही. परंतु कौल मिळेपर्यंत गाठ थांबत नाही. आधी तपासणी, मग प्रसाद, हा क्रम पुजाऱ्यांनी आणि वडीलधाऱ्यांनीच भाविकांस सांगितला, तर कित्येक जीव वाचतील. तसेच, हा रोग पूर्वजन्मीच्या पापाचे फळ आहे, असे रोग्याच्या कानी पडेल असे बोलू नये. ज्या सुश्रुताने अर्बुदावर शस्त्र चालविण्यास सांगितले, त्याने रोग्यास दूषण देत बसण्यास सांगितले नव्हते.

अग्रशाळेच्या खोल्या जत्रेचे दिवस सोडले तर वर्षातील कितीतरी दिवस कुलूपबंद असतात. गोव्यातच उपचार घेणाऱ्या दूरच्या गावांतील रोग्यांस त्यांतील एक-दोन खोल्या देता येणार नाहीत काय? मुंबईत ज्या मठांच्या आणि ज्ञातिसंस्थांच्या वास्तू आहेत, त्यांनी परळच्या यात्रेकरूसाठी चार खाटा राखून ठेवल्या, तर त्यात धर्मच घडेल. देवस्थानाच्या कचेरीत निवासाच्या जागांची आणि योजनांची एक यादी टांगावी. गावातील ज्यांनी ही वाट चालून पाहिली आहे, त्यांची नावे, त्यांच्या संमतीने, नव्याने निघणाऱ्यांस सांगावीत. ह्यासाठी मोठ्या देणगीची गरज नाही. किल्ली काढून दार उघडण्याची गरज आहे.

चारशे वर्षांपूर्वी देवास आपले घर सोडून परक्या गावी आसरा घ्यावा लागला, तेव्हा त्या गावाने दार उघडले, म्हणून आज आपली दैवते आहेत. कोकणीत रोग्यास 'दुयेंत' म्हणतात. असा एखादा दुयेंत उद्या हातात कागदांची पिशवी घेऊन आपल्या अग्रशाळेच्या ओसरीवर येऊन उभा राहील, तेव्हा त्यासही तेच दार उघडे सापडावे.